कुमुदिनीची अ‍ॅडमिशन

"डोहाळजेवण कुठे सकाळी सातला असतं का?"

राजलक्ष्मी हे वाक्य इंदूरहून निघण्याआधी फोनवर बोलली होती, स्टेशनवरून घरी येताना भाच्याला, उत्कर्षला, बोलली होती आणि आता त्याच्या बायकोला, हर्षिताला, फुलांची वाडी भरताना हातातल्या मोगऱ्यालाच सांगितल्यासारखी पुन्हा बोलली. तिचं सगळं ठरलं होतं. फूलबागेजवळचा हॉल, दुपारचं जेवण, शंभर माणसं, फुलांनी मढवलेला झोपाळा. तिच्या वडिलांना, जयसिंहरावांना, मुलाकडून पहिलं पतवंड होणार होतं आणि भाऊ हयात नसताना हे सगळं आत्यानंच करायला हवं, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण वहिनीनं एका फोनवर हॉल रद्द केला.

"वन्सं, जूनमध्ये दुपारी बाराला सातव्या महिन्यातल्या मुलीला जरीची साडी नेसवून बसवायचं नाही," कुमुदिनी म्हणाली होती. "पोटुशीला ऊन सोसत नाही. दिवस भरायच्या आधी बाळंत होतात मुली. करायचं तर सकाळी सातला, घरच्या गच्चीवर. वीसच बायका."

"आमच्या वेळी काय ऊन नव्हतं?"

"होतं. एवढं नव्हतं."

वहिनीचं बोलणं हे असं. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमागच्या या कॉलनीत भावानं घर बांधलं, आठ वर्षांपूर्वी तो गेला, आणि तेव्हापासून हे घर याच तुटक, शांत बोलण्यावर चाललं होतं. पंचवीस वर्षं मुलींना भूगोल शिकवल्याचा परिणाम, असं राजलक्ष्मी सगळ्यांना सांगायची. एप्रिलमध्ये वहिनीनं शाळा सोडली तेव्हा मात्र तिनं मनापासून कौतुक केलं होतं. हर्षिताला आई नाही, झाशीला एकटे वडील, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. नातवासाठी नोकरी सोडणारी सासू आजकाल कुठे मिळते?

आणि खरं म्हणजे गच्चीवर छानच वाटत होतं. चादरी अंथरल्या होत्या, वारा अजून तापला नव्हता. पोहे, श्रीखंड-पुरी, कैरीचं पन्हं. हर्षिता हिरव्या माहेश्वरीत खुलून दिसत होती. ओट्या भरून झाल्या, दोन गाणी झाली. राजलक्ष्मीचा राग निम्मा उतरत आला होता, तेवढ्यात वहिनीच्या शाळेतल्या सुधाताई पन्ह्याचा पेला घेऊन उठल्या.

"मॅडम, दिल्लीला कधी जॉइन करायचंय? मी तर सगळ्या स्टाफला सांगितलं, आपल्या कुमुदिनी मॅडम बावन्नाव्या वर्षी एम. एस्सी. करून राहिल्या आहेत. तेही क्लायमेट चेंजमध्ये! दोन साल हॉस्टेलमध्ये राहणार! मेरी तो हिम्मत ना हो भई."

कोणीतरी हसलं. मग त्या हसणाऱ्या बाईनं आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

कुमुदिनीच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिनं तो खाली ठेवला.

"ऑगस्टमध्ये," ती सुधाताईंना म्हणाली.

राजलक्ष्मीनं सगळ्यात आधी हर्षिताकडे पाहिलं. समोर कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतं, म्हणून ती मुलगी फुलांखाली हसतच बसली होती. ते हसणं राजलक्ष्मीला पाहवेना.

*

साडेनवाला शेवटची पाहुणी गेली आणि जणू तिचीच वाट पाहत असल्यासारखी लाईट गेली. कूलर बंद पडला. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरत राहिला. हर्षिता साडी बदलायला आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

उत्कर्ष सोफ्याच्या कडेवर बसला होता. बँकेत त्यानं प्रत्येकाला सांगितलं होतं, आमची आई बाळासाठी घरी बसली. ब्रँच मॅनेजरनं म्हटलं होतं, किस्मतवाले हो. ते वाक्य आता त्याला टोचत होतं.

"आई, ही काय गोष्ट आहे?"

"बसून बोलू. मी आज संध्याकाळी सांगणारच होते."

"संध्याकाळी? तू एप्रिलमध्ये नोकरी सोडलीस. आम्हाला वाटलं—"

"तुम्हाला वाटलं, आणि मी वाटू दिलं. ते चुकलं माझं, उत्कर्ष. त्याबद्दल तू काय बोलायचं ते बोल. पण अ‍ॅडमिशन घेतली हे चुकलं नाही."

"वय काय तुमचं वहिनीसाहेब?" राजलक्ष्मी म्हणाली. "वर्गातली पोरं उत्कर्षपेक्षा लहान असतील."

"असतीलच. मुलाखतीच्या दिवशी एकीनं मला विचारलं, आंटी, तुम्ही कोणाबरोबर आलात?"

उत्कर्षला हसू आलं असतं, पण त्यानं येऊ दिलं नाही. आईचा चेहरा तो लहानपणापासून ओळखत होता. बाबा गेले तेव्हा ती अशीच बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. त्या वर्षी त्याची शेवटची परीक्षा होती. आईनं पहाटे उठून त्याला चहा दिला नसता तर तो पेपरला गेलाच नसता. ती घरात नाही म्हणजे नक्की काय, हे त्याला डोळ्यांसमोर आणता येईना, आणि ते सांगताही येईना. म्हणून तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"



खिडकीजवळच्या खुर्चीत जयसिंहराव बसले होते. वय ब्याऐंशी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता तीन तपं होत आली होती. घरातली भांडणं आधी पूर्ण ऐकायची आणि मग बोलायचं ही त्यांची जुनी रीत. सून दोन वर्षं घराबाहेर जाणार म्हणजे सकाळचं औषध, दुपारचा पेपर, संध्याकाळचं फाटकापर्यंतचं चालणं हे सगळं दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार. याचा विचार आपण हर्षिताच्या आधी केला, हे लक्षात येऊन त्यांना थोडी लाज वाटली.

"कुमुद," ते म्हणाले, "हे शिक्षण कशाचं आहे? मला समजेल असं सांग."

कुमुदिनी त्यांच्याकडे वळून बसली. वर्गात उभी राहिल्यासारखा तिचा आवाज जरा मोकळा झाला.

"मागच्या वर्षीची गोष्ट आहे, आबासाहेब. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात उन्हामुळे शाळेची वेळ बदलली. नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅम, पुस्तकात तर लूच्या झळा मे-जूनच्या लिहिल्या आहेत, मग आत्ताच का? मी म्हटलं, यंदा जरा जास्त आहे. घरी आल्यावर आठवलं, त्याच्या आदल्या वर्षीही मी हेच म्हटलं होतं. त्याच्याही आदल्या वर्षी. मग मेमध्ये त्या मुलीची आजी गेली. आजार नाही, काही नाही. टिनाच्या छपराखाली झोपल्या त्या उठल्याच नाहीत. सगळे म्हणाले, वय झालं होतं. मी भेटायला गेले संध्याकाळी, तर मला त्या खोलीत उभं राहवेना. भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. आणि ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आता पुन्हा काहीतरी विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही."

"मग तिथे उत्तर शिकवतात?"

"हवा का तापते आहे ते शिकवतात. ते थोडंफार मला माहीत आहे. पुढचं जास्त माहीत नाही. कुठल्या वस्तीत किती तापतं ते कसं मोजायचं, आकडे कसे वाचायचे, कायदा काय सांगतो, शहरानं उन्हाळ्यासाठी आधीपासून काय ठरवून ठेवायचं, कोणाकडून करून घ्यायचं. विज्ञान आणि धोरण, दोन्ही."

"हे शिकून तू आलीस की ग्वाल्हेर थंड होईल?"

"नाही, आबासाहेब. आणखी तापेल."

"मग?"

"माणसं कमी मरतील."

जयसिंहरावांनी मान हलवली. मग खिडकीबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहिलं.

"पुरे आहे," ते म्हणाले.

"काय पुरे आहे, आबासाहेब?" राजलक्ष्मी चिडली. "तुम्ही लगेच त्यांच्या बाजूला! शिकायला माझी ना नाही. ऑनलाइन करा. आजकाल सगळं ऑनलाइन होतं."

"प्रयोगशाळा आहे, वन्सं. गावोगाव फिरणं आहे. दुसऱ्या वर्षाचा विषय मी इथलाच घेणार आहे, आपल्या लष्कर भागातल्या टिनाच्या घरांचा. पण पहिलं वर्ष तिथेच राहायला हवं."

"आणि त्या पोरीला आई नाही, ते?"

"हो ना आई," उत्कर्ष म्हणाला. "हर्षिता एकटी कशी करेल? तिचा तरी विचार—"

"तिला कोणी विचारलं का?" जयसिंहराव म्हणाले.

सगळे बंद दाराकडे पाहू लागले. कुमुदिनी उठली.

*

हर्षितानं साडी बदलली होती, पण गळ्यातली मोगऱ्याची माळ काढायची राहून गेली होती. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं उत्कर्ष असेल. सासू आत आली आणि दाराशीच थांबली.

"पंख्याखाली बस. पाणी प्यालीस?"

"प्याले."

हर्षिताला राग आला की मराठी तिच्या हातून सुटायची. "मुझे ना, सबसे ज़्यादा गुस्सा किस बात पे आ रहा है, मालूम आहे तुम्हाला? जाण्याचा नाही. रिग्रेशन कोणी शिकवलं तुम्हाला?"

कुमुदिनीनं मान खाली घातली.

"मी! पूर्ण जाडा, थंडीभर, मी ऑफिसमधून थकून येत होते आणि रात्री लॅपटॉप घेऊन आपण बसत होतो. तुम्ही म्हणालात शाळेचं प्रोजेक्ट आहे. मला इतकं छान वाटत होतं. मी पापांना फोनवर सांगायचे, माझी सासू माझ्याकडून स्टॅटिस्टिक्स शिकते. और आप मुझी से पढ़ के मुझी से छुपा रही थीं."

"हो."

"का?"

कुमुदिनी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "सांगितलं असतं तर तू 'जा' म्हणाली असतीस. चांगली मुलगी आहेस म्हणून. ते मला खरं वाटलं नसतं. आणि 'नका जाऊ' म्हणाली असतीस तर मी गेले नसते. दोन्ही ऐकायची माझी तयारी नव्हती."

"मग आता म्हणते," हर्षिता म्हणाली. "नका जाऊ."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण या घरात तिनं काही मागितलं नव्हतं. मागायची वेळच आली नव्हती.

"मला भीती वाटते, आई. मम्मी गेली तेव्हा मी नववीत होते. मला बाळ हातात कसं धरतात तेसुद्धा माहीत नाही. यूट्यूबवर पाहते आणि आणखी घाबरते. तुम्ही आहात म्हणून मी टेन्शन घेत नव्हते. नका जाऊ ना."

कुमुदिनीचा हात चादरीवरून सरकत हर्षिताच्या हातापर्यंत आला. हर्षिताला वाटलं, झालं. आता त्या म्हणतील, बरं बाई, नाही जात. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि कसंतरीही झालं.

"ऐकलं मी," कुमुदिनी म्हणाली. "आणि तरी मी जाणार आहे."

पंखा फिरत होता. हर्षितानं हात काढून घेतला नाही, हे तिला नंतर आठवलं.

"तुझ्यासाठी राहिले तर आज मला फार बरं वाटेल. पण पाच-सहा वर्षांनी, तू सहज म्हणशील, आई, आज तुम्ही बाळाला शाळेतून आणा, मी दमलेय. आणि मी तुझ्याकडे अशी बघेन की तू माझं काहीतरी घेतलं आहेस. बोलणार नाही, पण बघेन. तुला तसली सासू द्यायची नाही मला." तिचा आवाज जरा बसला. "तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरी आहे. मी नसल्यामुळे तुला त्रासच होणार आहे. मला ते माहीत असून मी जाते आहे."

हर्षिता रडली. फार नाही. रडताना तिला वाटत होतं, आई गेल्यापासून सगळ्यांनी तिची फक्त समजूत काढली होती. सब ठीक हो जाएगा. काही होत नाही. हो, तुला त्रास होणार आहे, असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. राग गेला नाही. पण ज्याच्यावर रागवावं असं एक खरं माणूस समोर बसलं होतं, आणि ते उठून जात नव्हतं.

"स्टॅटिस्टिक्सचा पेपर तिथेही असेल," शेवटी ती नाक पुसत म्हणाली.

"पहिल्याच सत्रात."

"फेल व्हाल. तुम्हाला अजून पी-व्हॅल्यू समजलेली नाही."

"नाहीच समजलेली."

*

जेवायची पानं मांडेपर्यंत लाईट आली होती. हर्षिता येऊन आपल्या जागेवर बसली तसे सगळे बोलायचे थांबले. राजलक्ष्मीनं तिच्या पानात न विचारता श्रीखंड वाढलं. आता आपण काय काय बोलायचं ते तिनं तयार ठेवलं होतं.

"मी आईंना नका जाऊ म्हटलं," हर्षिता म्हणाली.

"बघा!" राजलक्ष्मी म्हणाली. "बघा, मी काय सांगत होते!"

"त्या जाणार आहेत."

उत्कर्षनं आईकडे पाहिलं. कुमुदिनी आमटी वाढत होती.

"आत्यासाहेब," हर्षिता म्हणाली, "तुम्ही याल?"

राजलक्ष्मीच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच राहिला. "मी?"

"ऑगस्टच्या अखेरीपासून. तीन महिने. जास्त झालं तर जास्त."

राजलक्ष्मीला दोन मुलगे होते, एक कॅनडात, एक बंगळूरला. दोघांना मुलं झाली तेव्हा दोन्ही वेळा सुनांच्या आया गेल्या. दोन्ही वेळा तिनं डिंकाचे लाडू केले. कॅनडाला ते नेता येणार नव्हते, आणि बंगळूरच्या सुनेला डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. दोन्ही नातवंडं तिनं पहिल्यांदा पाहिली ती मोबाइलवर, आणि दोन्ही वेळा नेट मध्येच अडकलं होतं. "या" असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. यजमान गेल्यावर इंदूरच्या घरात ती एकटीच होती. सकाळपासून ती वहिनीचं कर्तव्य सगळ्यांना समजावत होती, आणि ते करायची आपल्याला किती हौस आहे हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"माझ्या घरी... म्हणजे कुंड्यांना पाणी..." ती म्हणाली. मग डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला ती एकदम ताठ झाली. "मी आले तर माझ्या पद्धतीनं करेन. आधीच सांगते. डिंक, मेथी, आळीव. रोज तेल लावून अंघोळ. आणि शेक-शेगडी, धुरी. खिडक्या बंद. बाळंतिणीला वारा लागता कामा नये."

कुमुदिनीचा हात थांबला. ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा, बंद खोली, शेगडी. या विषयावर तिनं गेल्या वर्षभरात जे वाचलं होतं ते सगळं तिच्या ओठांवर आलं.

"वन्सं, खोली बंद करून शेगडी म्हणजे—"

"वहिनीसाहेब, तुम्ही दिल्लीला असाल."

राजलक्ष्मी ते कुत्सितपणे बोलली नव्हती. ती नुसती व्यवस्था लावत होती. म्हणूनच ते कुमुदिनीला फार लागलं. ती पुन्हा आमटी वाढू लागली.

"धुरी नाही, आत्यासाहेब," हर्षिता म्हणाली. "शेगडीपण नाही. खिडकी उघडी राहील. बाकी सगळं तुमचं. लाडू रोज दोन खाईन."

राजलक्ष्मीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ही मुलगी अशीही बोलू शकते हे तिला नवीन होतं.

"तीन," ती म्हणाली.

"चलो, तीन."

जयसिंहराव बोटं चाटत म्हणाले, "माझं औषध कोण देणार याचाही निकाल लावून टाका." तेव्हा उत्कर्ष इतक्या वेळानं हसला. "मी देईन, आबासाहेब. ऑफिसला निघायच्या आधी." आणि तसाच मोबाइल काढून तो दिल्लीहून शुक्रवारी संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्या पाहू लागला. "आई, साडेतीन-चार तासांत येतेस तू. दर आठवड्याला नाही, पण पंधरा दिवसांनी?"

"परीक्षा नसेल तेव्हा."

"परीक्षा!" तो म्हणाला, आणि आपल्या आईला परीक्षा असणार ही गोष्ट त्याला तेव्हा कुठे खरी वाटली.

*

दुपारी सगळे झोपले. ऊन उतरल्यावर कुमुदिनीनं चहा टाकला, आबासाहेबांना दिला, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालून आली. परतताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जो ते एरवी काठीवर ठेवत, आणि पायऱ्या चढेपर्यंत काढला नाही.

आत आल्यावर हर्षिताच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दार उघडं होतं. राजलक्ष्मीनं एक उशी टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळली होती आणि ती हर्षिताच्या हातात दिली होती.

"अशी नाही ग. मान खाली लोंबकळतेय बिचाऱ्याची. कोपर वर घे. हां. आता दुसरा हात पाठीखाली."

"पडेल ना, आत्यासाहेब."

"पडत नाही. आणि तू घाबरलीस की त्याला कळतं. श्वास सोड आधी."

हर्षितानं श्वास सोडला. उशी तिच्या कुशीत नीट बसली. दोघींची पाठ दाराकडे होती.

राजलक्ष्मी अगदी बरोबर शिकवत होती. कुमुदिनीनंही असंच शिकवलं असतं. कोपराच्या खाली आणखी एक उशी ठेव म्हणजे हात भरून येत नाही, एवढं एक सांगायचं राहिलं होतं. ते तिच्या अगदी जिभेवर होतं. उत्कर्षच्या वेळी तिचं तिलाच ते सापडलं होतं. बाळाची पहिली अंघोळ होईल तेव्हा ती वर्गात असेल. बाळ पहिल्यांदा ज्या हातांना ओळखेल ते हात तिचे नसतील. दुपारी पानावर सगळ्यांनी मिळून तिला जायला मोकळं केलं होतं, आणि त्याची किंमत तिला आत्ता, या दारात, पहिल्यांदा नीट दिसत होती.

ती तिथे उभी राहिली. कोणी 'या' म्हणावं म्हणून नाही, नुसतं पाहून घ्यावं म्हणून.

"आत्यासाहेब, हात दुखतो हो असा," हर्षिता म्हणाली.

"सवय होईल," राजलक्ष्मी म्हणाली. मग थोडं थांबून, पलंगावर इकडेतिकडे पाहत, तिनं दुसरी एक उशी ओढली आणि हर्षिताच्या कोपराखाली सरकवली. "आता?"

"आता बरं वाटतंय."

कुमुदिनी आवाज न करता मागे वळली.